काठावरचा पाचवा

मत्स्यालयातली सगळी माणसं त्यांना काचवाले म्हणायची. टाक्यांच्या काचा पुसायच्या, पाणी बदलायचं, माशांना खायला घालायचं, एवढंच त्यांचं एकट्याचं काम. त्याला आता सव्वीस वर्षं झाली होती.

तिसऱ्या टाकीत प्रवाळाच्या खडकावर एक समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा मऊ बोटांचा प्राणी, होतं आणि त्याच्या बोटांत केशरी पट्ट्यांचे पाच मासे राहायचे. वर पाटी होती, 'सुखी कुटुंब'. लोक म्हणायचे, "बघ बघ, आई, बाबा आणि पिल्लं!" काचवाले मनात हसत. सगळ्यांत मोठी मादी, तिच्याखालचा तिचा नर, हे खरं. बाकीचे तिघे कोण कुठले! समुद्रात असताना लाटेनं आणून टाकले आणि तिथंच टिकले. रक्ताचं नातं कुणाचं कुणाशी नाही. प्रत्येकजण वरच्यापेक्षा बेताबेतानं लहान, आणि पाचवा तर नखाएवढा.

त्या पाचव्यावर काचवाल्यांचा जीव जडला. तो कायम काठावर असायचा आणि उरलंसुरलं खायचा. म्हणून चार महिने ते लांब काचनळीनं थेट त्याच्या तोंडाशी घास सोडत राहिले. मासा बाळसं धरू लागला. काचवाले खुशीत होते.

एका सकाळी तो टाकीच्या कोपऱ्यात पाण्याच्या पंपामागे दिसला. शेपटी फाटलेली. समुद्रफुलाकडे जरा वळला की चौथा अंगावर धावून यायचा.

माशांना तपासणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. "काचवाले, याला जास्तीचं कुणी घातलं?"

"मीच, बाई. लहान होता हो, दया आली."

"अहो, तो लहान होता म्हणून तर त्यांनी ठेवून घेतला होता! चौथ्याच्या बरोबरीला आला, लगेच हाकलला. आसरा मिळाला नाही तर आठवडाभरही जगायचा नाही."

थोरल्या भावाच्या घरी मागच्या खोलीत काचवाल्यांचा जन्म गेला होता. भिंतीत कधी खिळा ठोकला नाही, रेडिओ मोठ्यानं लावला नाही. भाऊ कौतुकानं पाहुण्यांना सांगायचा, "याचा त्रास म्हणून नाही. घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही!"

"सातव्या टाकीत नुसती जोडी आहे," बाई म्हणाल्या. "दोघंही याच्या दुप्पट. बघा सोडून."

काचवाल्यांनी मासा भांड्यातून अलगद सोडला. मोठी मादी बाणासारखी आली. मासा पळाला नाही. आडवा झाला, डोकं खाली घातलं आणि सगळं अंग थरथरवत राहिला. मादी एक घिरटी घालून परत गेली. मासा हळूहळू सरकत तिथल्या समुद्रफुलाच्या अगदी कडेच्या बोटाशी गेला आणि तिथंच थांबला.

"ठेवून घेतला!" बाई हसल्या. "आता लाड नकोत हं."

"नाही, बाई."

काचवाल्यांनी नळी धुतली आणि कपाटात वरच्या फळीवर, सहजी हात पोचणार नाही अशी ठेवली.

रात्री वहिनी डाव घेऊन उभ्या राहिल्या. "भावजी, वाढू का अजून? आज भरपूर आहे."

दिवसभर पोटात अन्न नव्हतं. काचवाल्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"पुरे, वहिनी."