सासूबाईंचा फोटो भिंतीवर

माझ्या सासूबाई, एनिड अ‍ॅक्रॉइड, गावातल्या जुन्या गरीबखान्यात, म्हणजे निराधारांना राबवून घेऊन पोसणाऱ्या संस्थेत, वाढल्या, हे त्यांनी आयुष्यभर लपवलं. सासरे गेले ते बायको शेतकऱ्याची लेक आहे असं समजूनच. यॉर्कशरमध्ये गरीबखान्याचं नाव लागलं की माणूस खाली मान घालूनच चालायचा.

एका सकाळी चहा पिताना त्यांनी वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं. संग्रहालय गरीबखान्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होतं. तिथे राहिलेल्या माणसांचे नवे फोटो हवे होते.

"मला काढून घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "मी तिथलीच."

माझा कप हातातच राहिला.

"पण शेजारच्या म्युरिएलला सांगशील तर बघ. ती कुठली संग्रहालयात फिरकतेय! तिचे वडील बँकेत होते. कुंपणाशी गप्पा मारायचीसुद्धा बंद होईल."

फोटोच्या दिवशी गरीबखान्याच्या जुन्या फाटकासमोर त्या अशा ताठ उभ्या राहिल्या की फोटोवाला म्हणाला, "आजी, श्वास घ्या."

प्रदर्शन उघडलं त्या दिवशी त्यांनी मला पळवतच नेलं. दालनात जुने फोटो होते, केस कापलेल्या मुली, कपडे धुण्याचे हौद. पुढे नवे, माणसाएवढे. त्यातला एक आमच्या सासूबाईंचा. त्या त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग सहज मागे वळल्या आणि माझा दंड घट्ट धरला.

समोरच्या भिंतीवर म्युरिएल होती. त्याच फाटकासमोर, डोक्यावर सासूबाईंची निळी टोपी.

"लग्नाला जायचंय म्हणून नेली होती मेलीने," सासूबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात म्युरिएल दारातून आत आली. दोघी एकमेकींकडे बघत थांबल्या.

"लग्न कुणाचं होतं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आधी तू सांग, शेतावर गाई किती होत्या?"

सासूबाईंना हसू फुटलं, म्युरिएललाही. हसता हसता दोघींचे डोळे भरले. म्युरिएल दहा वर्षांनी लहान. सासूबाई तिथून बाहेर पडल्या तेव्हा ती जेमतेम रांगत होती, म्हणून तिथली ओळख नव्हती.

"लापशी तुमच्या वेळीही खारट असायची?" म्युरिएलने विचारलं.

"खारट? अगं, समुद्र परवडला!"

लोक भोवती जमू लागले. कुणीतरी खुर्च्या आणल्या. दोघी बसल्या आणि एकीचं वाक्य दुसरी तोडत तिथल्या गोष्टी सांगत सुटल्या, मुलींवर देखरेख करणाऱ्या मेट्रनच्यासुद्धा. संग्रहालय बंद करायची वेळ झाली तेव्हा पहारेकरीच म्हणाला, "त्या मेट्रनचं पुढे काय झालं, तेवढं होऊ द्या."