हिमनदीवरचे दोन खड्डे

“फ्रॉस्टबाइट,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी विद्यार्थ्यांना हाक मारली. परळच्या इस्पितळात, जूनच्या उकाड्यात, पाय गोठलेला गिरगावकर त्यांना पुन्हा कुठून मिळणार? बाराजणांनी वाकून माझा डावा पाय पाहिला. इतकं कौतुक माझं बारशालाही झालं नसेल.

फ्रॉस्टबाइट म्हणजे थंडीनं रक्त अडून मांस मरणं. माझी तीन बोटं काळी पडली होती. वर फोडही होते.

“हे फोड कशानं?” डॉक्टरांनी विचारलं.

बधिर पाय तंबूतल्या स्टोव्हशी धरला होता आणि मोजा जळल्याचा वास आला तेव्हाच कळलं, हे मी कबूल केलं.

“म्हणजे अर्धं काम बर्फानं केलं, उरलेलं तुम्ही. बधिर पाय आगीशी धरायचा नसतो. कोमट पाण्यात ठेवायचा.”

हिमालयात जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. आणि बूट सैल घ्या. मी रुबाबदार दिसतात म्हणून घट्ट घेतले होते, त्यात मोज्यांचे दोन जोड कोंबले होते.

शेजारच्या खाटेवर डिलाईल रोडचे तात्या होते. गिरणीत साच्यात, म्हणजे मागात, हात सापडलेला.

“पायार काय पडला?”

“बर्फ.”

“बर्फाच्या कारखान्यात कामाक आसास?”

त्यांना सगळं सांगितलं. मधू माझा बालमित्र, आमच्याच चाळीतला. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ हा फलक हिमनदीवर धरून फोटो काढायचा आणि चाळीत लावायचा, ही कल्पना त्याची. कापडावर अक्षरं मी रंगवली. आठ दिवस चालल्यावर वाटाड्यानं बर्फात खोदलेल्या पायऱ्यांवरून मी दोन्ही हात टेकत, रांगत वर गेलो. वर ढग.

“बाळ्या,” मधू म्हणाला, “तू फलक धर. ढग सरकला की आधी तुझा काढतो, मग माझा. हलू नकोस रे!”

वाऱ्यात मी तासभर पुतळ्यासारखा उभा. पाय आधी ठणकले, मग ठणकायचे थांबले. मला वाटलं, सवय झाली. शेवटी ढग सरकला; मधूनं कॅमेरा डोळ्याला लावून ‘झाला’ म्हटलं, मग फलक घेऊन माझ्या जागेशेजारी उभा राहिला आणि त्याचा मी काढला.

इस्पितळात नुसती वाट पाहणं होतं. मेलेल्या आणि जिवंत भागामध्ये शरीर स्वतःच एक रेघ आखतं, तिला डॉक्टर ‘लाइन ऑफ डिमार्केशन’ म्हणत. रेघ बोटांपाशी थांबली तर बोटं जाणार, पुढे सरकली तर अर्धं पाऊल.

“म्हंजे तुझ्या पायाचोय सीमावाद!” तात्या म्हणाले. “तरी सरकारापेक्षा पाय बरो. रेघ तरी मारता.”

सतराव्या दिवशी मधू पहिल्यांदा आला. हातात मोठा केलेला फोटो. स्वच्छ ऊन, मागे हिमनदी, फलक धरून हसणारा मधू.

“माझा कुठाय?”

“रोलमध्ये एकच उरला होता रे.”

“हे तुला कळलं कधी?”

तो पंख्याकडे बघू लागला. “खालीच. पण फलक खाली ठेवला असता तर तुझीच अक्षरं भिजली असती ना!”

तात्यांनी कूस बदलून आमच्याकडे पाठ केली. मला एक चांगली शिवी आठवेना. लहानपणापासूनच्या सगळ्या शिव्या मी त्याच्याकडूनच शिकलो होतो.

पुढच्या आठवड्यात रेघ बोटांपाशी थांबली. तीन गेली, पाऊल राहिलं. डॉक्टरांचे, रोज न चिडता ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांचे आणि माझ्याहून शहाण्या निघालेल्या त्या रेघेचे आभार.

मधू अजून घरी येतो. चहा देतो मी त्याला. त्यानं हाक मारली, तर मात्र आधी विचारतो, “किती वेळ उभं राहायचंय?”

फोटो मी मागून घेतला, भिंतीवर लावला. पाहुणे विचारतात, “यात तुम्ही कुठे?” मी मधूच्या शेजारी बर्फात उमटलेले दोन खोल खड्डे दाखवतो. तासभर मी तिथे होतो. डाव्या खड्ड्यात माझी पाचही बोटं शेवटची एकत्र जिवंत होती.