अस्तराची टोपी

लडाखमधल्या उंचावरच्या पोस्टवर आमचं सेक्शन चढलं, तेव्हा मी हवालदार होतो. मूळचा देवळ्याचा. पहाटे कांद्याला पाणी भरताना वाजते तीच खरी थंडी, असं तोवर मला वाटायचं. वर मगातला चहा दोन घोटांत गार व्हायचा.

सकाळी स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात उभं राहणं, मग बर्फ उपसणं, वेपन साफ करणं, रेडिओ चेक. उरलेल्या वेळात नाईक दिलीप अहिरे टोप्या विणायचा. सटाण्याकडचा गडी, विणकाम आईकडून शिकलेला. दोन सुलट, दोन उलट अशी जाड वीण, कानांवर पट्ट्या आणि आत जुन्या जॅकेटच्या फ्लीसचं अस्तर. सुरुवातीला पोरं हसली. पहिली टोपी घालून एक जण सेंट्री ड्यूटी करून आला, मग नंबर लागले. मीही सुया हातात घेतल्या.

"अस्तर सैल टाक्यांनी लावा, उस्ताद," अहिरे सांगायचा. "घट्ट शिवलं तर टोपी ताणत नाही."

सगळ्यांच्या झाल्यावर त्यानं स्वतःची विणली.

एका दुपारी खालच्या बंकरवर ॲव्हलांच आली, उतारावरचा बर्फच कोसळला. आत शिपाई कैलास पवार होता. अहिरे दोर बांधून उतरला. खणून कैलासला बाहेर काढलं, तेव्हा त्याचं डोकं उघडं होतं, ओठ निळे. अहिरेनं आपली टोपी त्याच्या कानांवर ओढली आणि स्वतःचा दोर सोडून त्याला बांधला.

मी वरून ओरडलो, "अहिरे, दुसरा दोर टाकतोय!"

"आधी याला ओढा, उस्ताद!"

आम्ही ओढलं. कैलास वर आला आणि उतारावरचा बर्फ पुन्हा सुटला, अहिरे त्याखाली गेला.

आमची पोस्ट चार्ली, खालचं हेडक्वार्टर टायगर. मी रेडिओ उचलला, "टायगर फॉर चार्ली. ॲव्हलांच. एक कॅज्युअल्टी, एक मिसिंग. ओव्हर."

"चार्ली, हेलिकॉप्टर सकाळी. सर्च चालू ठेवा. ओव्हर."

"रॉजर."

अंधार पडेपर्यंत खणलं. अहिरेचा देह दुसऱ्या दिवशी सापडला. कैलासची दोन बोटं गेली. तो जगला.

आता मी नाशिकला सिडकोत राहतो. पावसाळा सरला की मी आणि बायको टोप्या विणायला बसतो. ती विणते, अस्तर मी लावतो. गठ्ठा पलटणीला जातो. अहिरेची वीण आज तिथल्या नव्या पोरांच्या डोक्यावर आहे, याचा मला माझ्या मेडलपेक्षा जास्त अभिमान वाटतो.

दरवर्षी मी आणि कैलास अहिरेच्या गावी जातो. मागच्या खेपेला कैलासनं बायको आणि लेकीला सोबत आणलं होतं. ओट्यावर शेजारणी जमल्या. अहिरेच्या आईनं कैलासचा हात धरून त्याला पुढे केलं आणि ताठ मानेनं अहिराणीत सांगितलं,

"हाऊ मना दिलीपनी वाचाडेल माणूस शे."

आम्ही दोघांनी अंगणात सावधान उभं राहून सॅल्यूट केला. नाईक दिलीप अहिरे. आमच्या सेक्शनचा.