बोगद्याचा उत्तरार्ध

कुंदा तावडे यांच्याविषयी मला खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नाही. त्या तळमजल्यावर आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर, असे आम्ही वर्षानुवर्षं राहिलो. पण त्यांचं माहेर कोणत्या गावचं, त्यांना गोड आवडायचं की तिखट, हे मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. जिन्यात भेटल्या की त्या "काय भावोजी" म्हणायच्या, मी मान हलवायचो, आणि संभाषण संपायचं.

आता सोसायटीची नवी इमारत उभी राहिली आहे. ताबा घ्यायला जे जुने सभासद उरले नाहीत, त्यांच्याविषयी स्मरणिकेत कोणीतरी थोडं लिहावं असं ठरलं. कुंदाताई गेल्या वर्षी गावीच वारल्या, तापाचं निमित्त झालं. त्यांच्या नावापुढे माझ्या पत्नीने, पद्मजाने, परस्पर माझं नाव लिहून टाकलं.

"अगं, मी काय लिहिणार? मैत्रीण तुझी होती," मी म्हटलं.

"मैत्रीण माझी, पण जिन्यात बसून अर्धं पुस्तक तुम्हाला सांगितलं तिने. मला नाही."

हे खरं होतं. तेव्हा तेवढंच सांगतो.

आमची जुनी इमारत मुलुंड पूर्वेला, तीन मजली, लिफ्ट नसलेली. ती पुनर्विकासाला जायची म्हणून घरोघरी आवराआवर चालली होती. आमच्या माळ्यावर पद्मजाच्या भावाची, देवव्रतची खोकी पडून होती. त्याचं छोटंसं प्रकाशन होतं. ते बंद करताना न खपलेली पुस्तकं त्याने "थोडे दिवस" म्हणून आमच्याकडे ठेवली आणि तो विसरला. त्यात कथा-कादंबरी एक नाही. सगळी माहितीची पुस्तकं: मधमाश्या, भूकंप, नकाशे, मूत्रपिंडाची निगा. मी इतकी वर्षं त्या माळ्याखाली झोपलो, पण एकही उघडून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पद्मजाने पुस्तकांचं वाण लुटायचं ठरवलं. "नाहीतरी प्रत्येक घरात प्लास्टिकचे डबे उतू चाललेत," ती म्हणाली. बायका निवडत बसतील म्हणून तिने प्रत्येक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि हाताला येईल ते जिच्या तिच्या ओटीत घातलं. मी रिवाजाप्रमाणे आतल्या खोलीत दार लोटून बसलो होतो. बाहेर कागद फाटल्याचे आवाज आले, मग कोणीतरी म्हणालं, "पुस्तक होय? अगं पद्मा, त्यापेक्षा चाळणी तरी द्यायचीस!"

"मला मूत्रपिंड आलं गं," दुसरी म्हणाली.

त्यावर कुंदाताईंचा खणखणीत आवाज: "माझं पण जड लागतंय. एकेकीला एकेक मूत्रपिंड वाटलंस की काय, पद्माताई?"

कुंदाताईंना आला होता बोगदा. कुठल्याशा थंड देशातल्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा कसा खणला, त्याची ती हकिकत होती.

कुंदाताईंना वाचनाची सवय नव्हती, हे त्या स्वतःच सांगायच्या. त्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होत्या. "प्रत्येक खोक्यात माहितीचा कागद घडी करून कोंबायचा. आयुष्यभर कोंबले भावोजी, एक उघडून वाचला नाय." निवृत्त झाल्यावर दुपारचं जेवण उरकलं की त्यांच्या मालिका सुरू व्हायच्या. पण त्या वर्षी त्यांच्या मुलाचं, निलेशचं ऑफिस घरीच आलं. हॉलमध्ये त्याच्या मीटिंगा, म्हणून टीव्ही बंद. घरात भांडं वाजलं तरी "आई, आवाज!" शेवटी कंटाळून त्या दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर येऊन बसायला लागल्या, आणि रिकामं बसलं तर लोक काय म्हणतील म्हणून हातात ते पुस्तक.

एकदा मी बाजारातून परत येत होतो तर त्या पायरीच्या मधोमध बसलेल्या. त्यांना बाजूला व्हा म्हणायचं माझ्याने होईना. मी कोथिंबीर धरून उभा राहिलो.

"भावोजी, एक सांगा," पुस्तकातून मान वर न करता त्या म्हणाल्या. "हे डोंगराच्या दोन्ही बाजूंनी खणतायत. मधे भेटणार म्हणे. आणि चुकामूक झाली तर? एक वरून गेला नि एक खालून?"

मी विमा कंपनीत क्लार्क होतो. बोगद्यातलं मला काय कळणार? तरी प्रामाणिकपणे विचार करून म्हणालो, "मग दोन बोगदे होतील."

मी विनोद केला नव्हता. पण त्या एवढ्या हसल्या की दार उघडून निलेश बाहेर आला. "आई, क्लाएंट ऐकतोय यार!"

"ऐकू दे मेल्याला. त्याला पण विचार, दोन बोगदे झाले तर काय करशील!"

त्या दिवसापासून मी बाजारात जायची वेळ दुपारची केली. भाजी शिळी असायची, पद्मजा कुरकुरायची, पण जिन्यात मला बोगद्याचा पुढचा भाग मिळायचा. कुंदाताई वाचलेलं जसंच्या तसं सांगत नसत. डोंगराच्या एका बाजूचा इंजिनिअर त्यांना आवडायचा नाही. "शिष्ट आहे. दुसऱ्या बाजूच्याला पत्र पाठवतो ते पण तिसऱ्याकरवी." मजुरांच्या स्वयंपाक्याची त्यांना फार काळजी. "एवढ्या माणसांना बर्फात रोज गरम सूप. चेष्टा आहे?" मी पिशवी या हातातून त्या हातात घेत ऐकत राहायचो. माझ्यासारख्या माणसाला हे फार सोयीचं होतं. बोलायचं काम त्यांचं, "मग?" म्हणायचं माझं.

एकदा त्या म्हणाल्या, "गावी जाताना आमची गाडी एवढ्या बोगद्यांतून जाते. काळोख झाला की मी डबा उघडायची. कोणीतरी आत शिरून हे खणलंय, असं कधी डोक्यातच आलं नाय."

मी विचारलं, "मालिकांची आठवण येत नाही?"

"छे! तिथे मेलेला माणूस चार महिन्यांनी परत येतो, नव्या दाढीत. इथे दरड पडून गेला तो गेला. लिहिणाऱ्याच्या हातात काय नाय. झालं ते झालं. म्हणून तर धाकधूक होते."

आणि एक दिवस त्या जिना चढून थेट आमच्या दारात. "पद्माताई, पुढचं पुस्तक काढ. बोगद्यात पाणी घुसलंय, सगळे आत आहेत, आणि खाली लिहिलंय 'पूर्वार्ध समाप्त'!"

पद्मजाचा चेहरा बघण्यासारखा झाला. देवव्रतने त्या हकिकतीचे दोन भाग काढले होते, आणि ती जोडी आम्ही दोन बायकांच्या ओटीत वेगवेगळी घातली होती. उत्तरार्ध कुणाकडे गेला ते आता कुणाला आठवणार? माळ्यावर दुसरी प्रत नव्हती. देवव्रतला फोन केला तर तो म्हणाला, "मी तरी कुठे वाचलंय!"

कुंदाताईंनी मग दारोदार चौकशी सुरू केली. बायकांनी त्यांना हवी ती पुस्तकं आनंदाने देऊन टाकली. त्या बदल्यात कुंदाताईंनी घरातले वाणाचे डबे वाटले. मधमाश्या वाचून झाल्या, भूकंप झाला, मूत्रपिंडसुद्धा त्यांनी मन लावून वाचलं आणि निलेशच्या मागे पाणी पी, पाणी पी म्हणून लागल्या. पण बोगदा अर्धाच राहिला. आणि दिवस कमी होते. मे अखेर इमारत रिकामी करायची होती. निलेश कांदिवलीला भाड्याने जागा घेणार होता, आणि कुंदाताई गावी जाणार होत्या. यजमान, चंद्रप्रकाश, काजूची कलमं सांभाळायला आधीच तिथे गेले होते. एकदा सगळे पांगले की कोण कुणाच्या घरात पुस्तक शोधणार?

निलेशला हे सगळं गमतीचं वाटायचं. जिन्यात येऊन मोबाईल नाचवत तो म्हणाला, "आई, दोन मिनिटांत सांगतो. शोधलंय मी. भेटली का टोकं, वाचली का माणसं, सगळं आहे इथे. सांगू?"

कुंदाताईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "निल्या, तोंड उघडलंस तर आठवडाभर बाहेरून मागव जेवण!"

"अगं, पण कळल्याशी कारण ना?"

"तुला लग्नाचा अल्बम दाखवून जेवणाचं ताट दाखवलंच नाय, तर चालेल तुला? मला आतूनच जायचंय, त्यांच्याबरोबर."

मला हे उदाहरण नीट कळलं नाही, पण म्हणणं कळलं.

अखेर पद्मजाला साडी आठवली. "ती मोरपंखी साडीवाली, सगळ्यांत शेवटी आली होती. माधुरी! मागच्या इमारतीतली भाडेकरू." माधुरी एव्हाना पवईला राहायला गेली होती. पद्मजाने फोन स्पीकरवर टाकला.

"काकू, ते जाडं पुस्तक ना? आहे की. लॅपटॉपखाली ठेवलंय. एकदम बरोबर उंची. माझी मानदुखी गेली त्याने."

"अगं, मग ते..."

"देते ना. पण मला तेवढ्याच उंचीचं दुसरं काहीतरी लागेल हां. आणि कोणीतरी न्यायला या, माझी हलायची सोय नाहीये."

मी सहसा कुठे जात नाही. कुणाच्या घरची बेल वाजवायची म्हटलं तरी मी आधी दोनदा पायपुसण्याला पाय पुसतो. पण त्या दिवशी मीच म्हणालो, "मी जातो." पद्मजाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

पूर्वार्धाची जाडी पट्टीने मोजली. मधमाश्या आणि नकाशे एकावर एक ठेवले की तेवढीच भरते. ती दोन घेऊन बसने पवईला गेलो. माधुरीने लॅपटॉप ठेवून पाहिला, मान वळवून पाहिली, "चालेल" म्हणाली आणि उत्तरार्ध माझ्या हातात दिला. वर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

येताना रिक्षा केली. पुस्तक मांडीवर होतं. शेवटचं पान उघडायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. पहिलं उघडायला काही हरकत नव्हती. पाणी अजून चढत होतं. तो शिष्ट इंजिनिअर स्वतः कंदील घेऊन आत निघाला होता, हे मला अपेक्षित नव्हतं...

"काका, टोलनाका आला," रिक्षावाला म्हणाला. "ठाण्याला जायचंय काय?"

आमची गल्ली कधीच मागे पडली होती.

पुस्तक दिलं तेव्हा कुंदाताईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं. पदराने चहाचा डाग पुसून पाहिला, तो गेला नाही, आणि त्या आत गेल्या. तो आठवडा त्यांच्या घरात बांधाबांध चालली होती. कपाट गेलं, पंखे उतरले. कुंदाताई गाठोड्यावर बसून वाचत होत्या. निलेश म्हणायचा, "काका, सामान मी बांधतोय आणि प्रवासाला निघालीय ही!" जिन्यातलं सांगणं मात्र बंद झालं. मी दुपारी भाजी आणायला जायचो, त्या दारातून हाताने थांबवायच्या: आता नाही.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी फाटकात उभी होती. मी खाली गेलो. कुंदाताईंनी दोन्ही भाग एकत्र दोरीने बांधून माझ्या हातात दिले.

ते मी पुढे भाड्याच्या घरात सावकाश वाचले. त्यानंतर बरीच पुस्तकं वाचली, तीही सगळी अशीच, घडलेली. बोगद्याचं शेवटी काय झालं ते इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं.

त्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. विचारलं, "भेटली का हो दोन्ही टोकं?"

"सांगणार नाय," त्या गाडीत बसत म्हणाल्या. "वाचा तुम्ही."

"मला वेळ लागेल."

"लागू दे. आणि भावोजी, ओट्यावर पाण्याची बाटली राहिलीय माझी. निल्याला हाक मारा जरा."

"मारतो," मी म्हटलं.