अक्कलवाले आणि शनिवारचा नियम

औषधांवर एक्स्पायरी छापलेली असते, किश्श्यांवर नसते. त्यामुळे माझ्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या बाटल्यांपेक्षा किस्से जास्त साठलेत. गिऱ्हाईक नसलं की कुणीतरी एक काढतं, आणि एक निघाला की मागचे चार आपोआप बाहेर पडतात.

शनिवारी दुपारी अक्कलकुव्याचा बाजार सुस्तावतो. तेव्हा आम्ही चौघं माझ्या दुकानात बसून मोबाइलवर पत्त्यांची लढाई खेळतो. समोरच्या गॅरेजचे भटू आप्पा, दवाखान्यातल्या गावित सिस्टर, मोलगीच्या वर डोंगरात शाळेवर असलेले वसावे सर आणि मी. प्रत्येकानं आपले सहा पत्ते निवडून ओळीत उभे करायचे. कुणी जादूगार, कुणी राक्षस, कुणी घोडा. एकदा उभे केले की ते आपापले लढतात, आपण नुसतं बघायचं. पण दर शनिवारी गेम नवा नियम काढतो आणि आधीची सगळी हुशारी पाण्यात जाते!

आमच्या टीमचं नाव ‘अक्कलवाले’. हरलो की गावाच्या नावातला उरलेला ‘कुवा’, म्हणजे विहीर, आठवतो.

*

सुरुवात माझ्यापासूनच करतो, म्हणजे पुढे कुणी रुसणार नाही.

मी पद्धतशीर माणूस. पत्त्यांची वही ठेवली होती. रोज थोडं थोडं खेळून माझा एकेक पत्ता वरच्या लेव्हलला नेला. सहा महिने लागले. एकही पत्ता खालच्या लेव्हलला ठेवला नाही.

एका शनिवारी नियम आला: आज फक्त पहिल्या लेव्हलचे पत्ते चालतील!

मी स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. माझ्याकडे एकही नव्हता. सहाच्या सहा जागा रिकाम्या, आणि समोर कुणाची तरी बेडकं उड्या मारतायत!

वसावे सर कधी मोठ्यानं हसत नाहीत. त्यांनी फक्त चष्मा पुसला आणि म्हणाले, “तुम्ही सगळ्यांना साहेब करून टाकलं ना. आता काम कोण करणार?”

*

भटू आप्पांच्या गॅरेजात गाडी टाकली की आठ दिवस विसरायची. प्लगसुद्धा ते लग्नाचा मुहूर्त काढल्यासारखा बदलतात. पत्तेही त्यांनी तसेच जमवले होते: कासव, गोगलगाय, दगडी माणूस, एक झोपाळू अस्वल. आम्ही वर्षभर हसलो. लढाई सुरू झाली की आप्पांचा पत्ता हात उचलेपर्यंत समोरचा दोनदा मारून जायचा.

मग एकदा नियम आला: आज सगळ्यात हळू असेल तो पहिला वार करेल.

आमच्या तिघांचे वाघ, बाण, विजा रांगेत शेवटी उभे! आणि आप्पांची गोगलगाय सगळ्यात पुढे. तिनं पहिला वार केला, कासवानं दुसरा. अस्वल तर जागं व्हायच्या आधीच लढाई संपली.

आप्पांनी ग्रीसचा हात पँटला पुसला. “मन्हं गॅरेजबी याच नियमवर चालस,” ते म्हणाले. “लोकेसले समजत नही!”

त्या दिवशी माझी स्कूटर त्यांच्याकडे होती. अकरावा दिवस.

*

आप्पा मूळचे सारंगखेड्याचे. घोडेबाजाराच्या गावातला माणूस, त्यामुळे खऱ्या घोड्याची आणि पत्त्यातल्या घोड्याची पारख ते सारखीच करतात. गेममध्ये एक पांढरा घोडा आला होता, ताकद भरपूर. आम्ही म्हटलं, घेऊ या. आप्पांनी चित्र दोन बोटांनी मोठं केलं, कपाळावरचा केसांचा भोवरा बघितला, मान बघितली.

“याना भोवरा वाईट शे. हाऊ घोडा मालकले खास.”

“आप्पा, ते चित्र आहे, ते मालकाला काय खाणार!” मी म्हटलं आणि घोडा घेतला.

हरलो. दर फेरीत आमचेच पत्ते कुणी न मारता अर्धमेले होत होते. शेवटी सिस्टरांनी घोड्याखालची बारीक अक्षरं वाचली: ‘हा घोडा दर फेरीत आपल्याच बाजूच्या एका पत्त्याला जखमी करतो.’

आप्पांनी माझ्या हातून चहा काढून घेतला आणि पिऊन टाकला.

*

गावित सिस्टर नवापूरकडच्या. कोणताही नियम असो, त्यांच्या सहा पत्त्यांत एक पत्ता ठरलेला: जखमा भरणारी वैद्यीण. एका शनिवारी नियम आला की आज कुणाचीही जखम भरणार नाही. म्हणजे वैद्यीण निव्वळ शोभेची! सगळ्यांनी समजावलं.

“असू दे हो,” सिस्टर म्हणाल्या. “ती उभी असली तरी धीर येतो.”

लढाई सुरू झाली. समोरच्या टीमचे सगळे पत्ते आधी वैद्यीण कुठे आहे ते शोधून तिच्यावरच तुटून पडले. त्यांना तीच सवय लावलेली! चार फेऱ्या ते तिला बडवत राहिले, तोवर आमच्या बाकीच्यांनी त्यांचा फडशा पाडला.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “वॉर्डातही असंच आहे. पेशंटला काहीही होऊ दे, पहिल्या शिव्या नर्सलाच!”

*

वसावे सरांच्या शाळेपाशी रेंज नाही. एका शनिवारी त्यांना शाळेत थांबावं लागलं. त्यांच्या वतीनं मी पत्ते लावायचे असं ठरलं होतं, म्हणून त्यांनी टीम कागदावर लिहिली. तो कागद एका पालकाच्या हाती दिला. पालकानं तो खाली येणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरला, रमेशला, दिला आणि एवढंच सांगितलं, “सरांनी दिलाय.” मेडिकलचं नाव राहूनच गेलं.

साडेतीनला रमेश डोकं धरून माझ्या काउंटरवर. “गोळी द्या. आणि वसावे सरांना समजवा. गाडी कशी भरायची ते मी आता त्यांच्याकडून शिकू का?”

त्यानं खिशातून कागद काढला. सरांचं सुंदर अक्षर: ‘म्हातारा सगळ्यात पुढे ठेवायचा. दोन्ही बाया मध्ये. काळ्याला शेवटी लटकवायचं. जाड्याला अजिबात घ्यायचं नाही, तो एकटा तिघांची जागा खातो.’

मी कागद दोनदा वाचला. “मग... तू काय केलंस?”

“मास्तर माणूस, ऐकावंच लागतं. म्हातारा पुढे बसवला, बाया मध्ये घेतल्या, काळ्याला मागे लटकवला.”

“आणि जाड्या?”

“ग्रामसेवकसाहेबांना मोलगीतच उतरवून आलो!”

पुढचा महिनाभर सर ग्रामपंचायतीसमोरून जायचं टाळत होते.

*

आणि हा यंदाचा.

सिस्टरांची बदली झाली, नवापूरकडे. सोमवारी हजर व्हायचं. त्याआधीच्या शनिवारी गेमच्या स्पर्धेची फायनल. आम्ही याआधी तीनदा फायनलला पोचलो आणि तीनदा हरलो होतो. सिस्टर दवाखान्यातून हाफ डे टाकून पहिल्यांदा वेळेआधी येऊन बसल्या. आप्पांनी गॅरेजला कुलूप लावलं. आम्ही सगळेच जरा जास्त मोठ्यानं बोलत होतो.

फायनलला मात्र चौघांनी मिळून सहाच पत्ते लावायचे होते, सरांच्या टॅबवर. आणि नियम झाकलेला! आधी टीम लावा, मग नियम उघडणार. वेळ दहा मिनिटं.

आप्पा म्हणाले कासव, मी म्हटलं वाघ, सिस्टर वैद्यीण सोडेनात. सात मिनिटं भांडलो. एवढ्यात सरांना त्यांच्या साहेबांचा फोन आला. सरांची आई बाजाराला आली होती, बाकावर पिशवी मांडीवर घेऊन आमची बोटं पत्ते कसे सरकवतात ते बघत बसली होती. तिला भिलीच येते, वाचता येत नाही. सरांनी टॅब तिच्या हातात दिला, “याहा, धर,” असं आईला म्हणाले आणि बाहेर पळाले. आम्ही तिघं भांडतच होतो.

सर परत आले तेव्हा वेळ संपली होती आणि सहाही जागा भरलेल्या होत्या. एक बकरी. टोपलीवाली म्हातारी. बासरीवाला. आंधळा भिकारी. कुत्रं. आणि सिस्टरांची वैद्यीण.

आप्पांनी डोक्याला हात लावला. सिस्टर हसायला लागल्या, पण डोळे भरून आले होते.

नियम उघडला: या लढाईत हातात शस्त्र असलेल्या पत्त्याचा वार चालणार नाही.

समोर सहा जण. सहांच्या हातात तलवारी, भाले, कुऱ्हाडी. सगळे नुसते उभे. आमच्या बकरीनं पहिली ढुशी दिली, आणि कुत्र्यानं चावायला सुरुवात केली ती समोरचा शेवटचा पडेपर्यंत!

जिंकलो! आप्पा काउंटरवर बुक्क्या मारत होते, सिस्टरांनी सरांच्या आईला मिठीच मारली. म्हातारी गांगरली. मी सरांना म्हटलं, “अहो, विचारा ना त्यांना, हे सहाच का निवडले?”

सरांनी भिलीत विचारलं. ती जरा रागावूनच दोन वाक्यं बोलली. सर चष्मा पुसायला लागले.

“काय म्हणतात?”

“म्हणते, सहा जागा मांडलेल्या दिसल्या, वाटलं जेवायला बसवायचेत. जेवायला कुणी कुऱ्हाड घेऊन येतं का?”