हातावरचा हुरडा

आमच्या पारनेर भागात शेंगदाणा नसलेला पदार्थ शोधायचा तर पाण्यापासून सुरुवात करावी लागते. भाजीत कूट, आमटीत कूट, खिचडीत कूट, भाकरीशेजारी चटणी. अशा मुलखात मला मुलगी झाली आणि तिला निघाली शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी. जळात राहून माशाशी वैर म्हणतात ते हेच.

भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत मी सगळं निभावून नेते. घरात शेंगदाणा येतच नाही. शाळेतल्या बाईंना सांगून ठेवलंय, दुसऱ्याच्या डब्यातलं खायचं नाही हे पोरीला पाठ आहे. माझी खरी कसोटी लागते ती नाताळच्या सुट्टीत. तेव्हा गावाकडे ज्वारी हुरड्यात येते आणि आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, फोन येतो. "हुरडा आलाय. पोरीला कवा आनतीस?" दर वर्षी मी काहीतरी सबब काढायचे. गेल्या वर्षी पोर सात वर्षांची झाली आणि माझ्या सबबी संपल्या.

जायच्या आधी आठ दिवस मी फोनवर आबांचं डोकं खाल्लं. चटणी करायची नाही. शेंगा बाहेर ठेवायच्या नाहीत.

"आगं व्हय, कळलं. शेंगा बगून पोरीला तरास व्हतो. मी न्हाई ठिवत."

"बघून नाही आबा. पोटात गेल्यावर."

"तेच की."

आम्ही पोचलो तर आईनं सवयीनं चटणी कुटलेलीच. हुरडा आणि चटणी नाही, हे तिच्या डोक्यात बसतच नव्हतं. आबा तिच्यावर असे ओरडले की मलाच ओशाळल्यासारखं झालं. मग त्यांनी स्वतः खलबत्ता पुढ्यात ओढला, बोटांनी निपटून चटणीचा कण न् कण काढला, कागदात बांधला आणि शेजारच्या वस्तीवर नेऊन दिला. परत येताना खांद्यावरच्या पंच्याला हात पुसले. मी हे सगळं उभी राहून पाहत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सासरी, शाळेत, लग्नाकार्यात सगळ्यांनी माझी टिंगलच केली होती. हा एक माणूस माझ्यासाठी धावला.

मग शेतात आगटी पेटली. आबांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसली. भाजलेलं कणीस असं गरम असतं की आपण हात लावायला धजत नाही. आबा ते दोन तळव्यांत धरून चोळतात, फुंकर मारून कोंडा उडवतात आणि हिरवे दाणे आपल्या हातावर ओततात. त्यांच्या हुरड्यात कुसळ म्हणून सापडत नाही. पोर त्यांना चिकटून बसली होती. चार-पाच वेळा तिनं तळवा पुढे केला आणि चार-पाच वेळा तो भरला. तिचे डबे, तिचं पाणी, तिचा गूळ, सगळं मी घरून आणलं होतं. मी निवांत होते. लाज वाटते सांगायला, पण मी मोबाईलवर त्या दोघांचे फोटो काढत होते.

"आई, जिभेला मुंग्या येतात."

पाच मिनिटांत ओठ सुजले. गळ्यावर गांधी उठल्या. मी औषध पाजलं ते उलटीबरोबर बाहेर आलं. तिचा आवाज घोगरा झाला, मग श्वासाला शिट्टी वाजायला लागली. नवऱ्यानं गाडी काढली. पारनेरपर्यंतचा तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. पोर माझ्या मांडीवर, आणि मी तिच्या छातीकडे नुसती बघत बसलेली. आठ दिवसांच्या माझ्या सगळ्या सूचनांचा काडीचा उपयोग नव्हता.

आबा शेजारी बसून एकच विचारत होते. "पन खाल्लं काय तिनं? मी तर समदं दिऊन आलतो."

तेव्हा माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. नखांत चटणीचं लाल तिखट होतं.

"आबा, तुमचे हात," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. त्यांनी हात पाहिले आणि पंच्यात गुंडाळून घेतले. डॉक्टरांनी मांडीत इंजेक्शन दिलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं, पोर वाचली. ते पुसलेले हात मीही पाहिले होते, साबण लावा असं मलाही सुचलं नव्हतं. हे आबांना सांगायचं राहून गेलं. मुद्दाम नाही, पण राहिलं.

या नाताळात फोन आला नाही. पोरीनं हट्ट धरला म्हणून आम्ही आपणहून गेलो. घरात शेंगदाणा औषधालाही नव्हता. आईनं खलबत्ता नवा आणला होता. आबांनी आगटी पेटवली, कणसं भाजली आणि चिमट्यानं ताटात घालून माझ्याकडे सरकवली. "तू चोळून दी तिला."

मी चोळला. हात भाजले, दाणे फुटले, कोंडा तसाच राहिला.

"आईचा हुरडा टोचतो," पोर म्हणाली. ती उठली, घरातून साबण आणि तांब्या घेऊन आली. आबांच्या हातावर तिनं पाणी ओतलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, पुन्हा धुतले. तिनं तळवा पुढे केला.

आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"द्या की आबा" एवढंच म्हणायचं होतं. शब्द तोंडाशी आला होता, पण मी त्यांची नखं बघत होते. आबांनी ते ओले हात कोपरीच्या खिशात घातले आणि पोरीचा तळवा तसाच राहिला.