ताण कोण देतं?

मालनमावशीला कायम व्हायचं होतं. बदनापूरजवळच्या मुलींच्या वसतिगृहात ती अकरा वर्षं हंगामी अधीक्षिका होती. १९९९ साली संस्थेचे अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, "समुपदेशनाचं प्रमाणपत्र आणा, लगेच ऑर्डर देतो." बेचाळिसाव्या वर्षी मावशीनं सहा महिन्यांचा कोर्स धरला. दर रविवारी पॅसेंजरनं जालन्याला जायची.

मी आयटीआय झालेला वायरमन. वसतिगृहाचे दिवे-पंखे मीच बघायचो. मी शिडीवर असलो की मावशी खालून धडा म्हणून दाखवायची. "आधी ऐकायचं. मधी बोलायचं न्हाई. सल्ला तर बिलकुल द्यायचा न्हाई."

"मंग करायचं काय, मावशी?"

"मान हलवायची. तुझ्या पंख्यावानी."

एका रविवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'ताण येण्याची कारणे'. मावशी उभी राहिली. "सर, ताण येतो का देतात?" वर्ग हसला. "आमच्याकडं मोसंबीला ताण देतात. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, म्हंजे झाड घाबरून फुलतं. झाडाला सोताहून येत न्हाई तो."

"बाई, अभ्यासक्रमात राहा," सर म्हणाले.

जानेवारीत वसतिगृहाचं पाणी बंद झालं. मोटार जळाली, असं अण्णासाहेबांनी कळवलं. बत्तीस मुली पहाटेपासून दूरच्या विहिरीवरून घागरी आणू लागल्या. दहावीची सगुणा वर्गात चक्कर येऊन पडली. अण्णासाहेब आले ते खुर्चीत बसूनच बोलले.

"परीक्षेचा ताण हाय पोरींना. तुमचा कोर्स चालू हाय ना, मालनबाई? मंग काढा की त्यांचा ताण. शिबिर घ्या, दीर्घ श्वास घ्यायला शिकवा, मी पाहुणे आणतो."

मावशीला शेवटचा अहवाल लिहायचाच होता. एक केस, तिचं कारण, उपाय. ती सगुणाजवळ बसली. मधे बोलली नाही. सगुणा एवढंच म्हणाली, "मावशी, मोटारीचा आवाज तर रोज येतो."

मावशीनं मला बोलावलं. मी मोटारीचा अँपिअर मोजला. ठणठणीत होती. पाइप हातानं चाचपत गेलो तर भिंतीला लागून टी-जॉइंट निघाला. वसतिगृहाकडचा व्हॉल्व्ह आवळून बंद. दुसरा पाइप भिंतीखालून अण्णासाहेबांच्या मोसंबीच्या बागेत गेलेला. बागेचा ताण तोडायचे, म्हणजे झाडांना पुन्हा पाणी सोडायचे दिवस होते. झाडांचा ताण तोडायला माणसानं मुलींचं पाणी तोडलं होतं, आणि वर त्यांनाच दीर्घ श्वास घ्यायला सांगत होता! मी व्हॉल्व्हला पाना लावला.

"मावशी, आत्ताच उघडतो."

"थांब. शिबिर होऊ दे. तुझं काम वायरीचं, माझं ऐकून घ्यायचं. पाहुण्यांनाबी ऐकू दे."

शिबिराला अण्णासाहेबांनी तालुक्याचे दोन साहेब आणले होते. मुली सतरंजीवर बसल्या. मावशी म्हणाली, "डोळे मिटा. काय ऐकू येतं?"

"मोटार," बत्तीस जणी एकदम म्हणाल्या.

"उघडा डोळे. बादल्या घ्या."

मावशी पुढं, मुली मागं. भिंतीला वळसा घालून सगळ्या बागेत शिरल्या. पाइपातून धो धो पाणी आळ्यात पडत होतं. मावशीनं पहिली बादली स्वतः लावली.

"मालनबाई! ऑर्डरीचा इचार करा!" अण्णासाहेब ओरडले.

"केला, साहेब. अकरा वर्षं तुम्ही मलाबी ताणच देऊन राह्यले."

साहेब लोक चपला भिजतील म्हणून बांधावरच उभे राहिले. मी व्हॉल्व्ह उघडला, त्याचं चाक काढून पिशवीत टाकलं.

पाणी आलं. मार्चअखेर मावशीला घरी बसवलं. पुढं अहवालही परत आला. तिनं लिहिलं होतं, 'कारण : व्हॉल्व्ह बंद केला. उपाय : व्हॉल्व्ह उघडला.' खाली सरांचा लाल शेरा होता, 'समुपदेशकाने प्रकरणात गुंतू नये. श्वसनाचे उपाय सुचवावेत. अनुत्तीर्ण.'

मावशीनं फेरपरीक्षेचा फॉर्म भरला.

"आता तरी श्वसन लिही," मी म्हणालो.

"चष्मा दे," ती म्हणाली, आणि तोच अहवाल कोऱ्या कागदावर जसाच्या तसा उतरवायला बसली. शेवटी फक्त व्हॉल्व्ह कुणी बंद केला, त्याचं नाव वाढवलं.